सीआरपी एका दिवसात ५.१ वरून ५२! अँटिबायोटिक सुरू करू का?

वॉर्ड_निवासी: जुलाबाचं लेकरू दाखल आहे. काल बाहेरच्या लॅबचा सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) ५.१, आज आमच्याकडे ५२. सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक द्यावं का? अर्ध्या तासात राउंड आहे, लवकर सांगा.

लॅब_सीताबर्डी: आधी एकक पाहा. बाहेरचा रिपोर्ट प्रति डेसिलिटर असेल, तर ५.१ मिग्रॅ म्हणजे प्रति लिटर ५१. वाढ झालेलीच नाही.

ओपीडी_हिंगणा: वय? वजन? ताप? रक्त पडतं का? नुसत्या आकड्यावर काय सांगायचं बाप्पा!

वॉर्ड_निवासी: डेसिलिटरच निघालं! १४ महिने, ९ किलो, ताप १०२. जुलाब परवापासून, आव आहे, रक्त नाही. डोळे खोल, पाणी अधाशासारखं पितं.

धंतोली_बालरोग: प्रोकॅल्सिटोनिन करा, जिवाणू संसर्गात वाढणारा रक्तातला घटक. ते ४ तासांत चढतं, सीआरपीला ६ ते १२ लागतात.

ओपीडी_हिंगणा: काहून उगाच खर्च? दुसऱ्या दिवशी सीआरपी तसाही शिखराजवळ असतो. अडीनोव्हायरसही त्याला वर नेतो. अँटिबायोटिकचा निकष डोळ्यांना दिसणारं रक्त, आव नव्हे. आधी ओआरएस, किलोला ७५ मिली, म्हणजे ४ तासांत ६७५. वाटी-चमच्यानं. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा, सावकाश.

धंतोली_बालरोग: शिगेला, म्हणजे रक्ती जुलाबाचा जिवाणू, सुरुवातीला रक्ताशिवायही येतो. १०२ ताप नजरेआड करू नका.

लॅब_सीताबर्डी: मग स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) पाहा. शिगेलात एकूण पांढऱ्या पेशी नॉर्मल असूनही बँड सेल, म्हणजे अपक्व पांढऱ्या पेशी, खूप वाढलेले दिसतात. ईएसआर (लाल पेशी तळाशी बसण्याचा वेग) नको, ॲनिमियातही वाढतो. कल्चरचं (जंतू वाढवून ओळखण्याचं) स्टूल अँटिबायोटिकच्या आधी घ्या. २ तासांत पोचणार नसेल तर कॅरी-ब्लेअर या जंतू टिकवणाऱ्या माध्यमात. डायपरमधून खरवडलेलं चालत नाही. उद्याचा सीआरपी त्याच मशीनवर करा.

पाणी_तपासनीस: पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतंय का, तेही विचारा. उकळी फुटल्यावर १ मिनिट तरी उकळू द्यायला सांगा.

ओपीडी_हिंगणा: ते डिस्चार्जच्या वेळी. झिंक मात्र आजच, रोज २० मिग्रॅ, १४ दिवस.

रक्तविकार_विदर्भ: सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या होणारा आनुवंशिक आजार, कुणीच विचारलं नाही! आपल्या भागात हे पहिल्या पाच प्रश्नांत हवं. अशा लेकरात साल्मोनेला हा जुलाबाचा जिवाणू आतड्यात थांबत नाही, रक्तात आणि हाडात उतरतो. तिथे रक्त पडण्याची वाट पाहायची नसते. ब्लड कल्चर घेऊन लगेच अँटिबायोटिक. आईवडिलांकडे सिकलसेल तपासणीचं लाल-पिवळं कार्ड आहे का? प्लीहा हाताला लागते का?

वॉर्ड_निवासी: प्लीहा २ सेंमी लागते. कार्डाचं विचारलंच नव्हतं. ब्लड कल्चर आणि एचपीएलसी (सिकलसेल ओळखणारी हिमोग्लोबिनची तपासणी) दोन्ही आत्ता काढतो.

रक्तविकार_विदर्भ: रक्त चढवायची वेळ आलीच, तर एचपीएलसीचा नमुना त्याआधी.