मदत हवी आहे: एका दिवसात अंबाबाई, दाजीपूर, म्युझियम आणि बाग?

शाहूपुरी_कट्टा: जानेवारीअखेर कोल्हापूरला पाहुणे येताहेत. 14 जण, त्यात तिघे सत्तरीपुढचे, चार पोरं. 17 सीटर ट्रॅव्हलर ठरवतोय. अंबाबाई, न्यू पॅलेस, टाउन हॉल (म्युझियम आणि बाग), दाजीपूर अभयारण्यातले गवे, जमलं तर पन्हाळा. क्रम कसा लावू? गाईड कुठे लागेल?

सडा_आणि_गवा: पन्हाळा आधी यादीतून काढा. तो वायव्येला 20 किमी, दाजीपूर नैर्ऋत्येला 80 च्या आसपास. दोन्ही धरलं तर दिवस गाडीतच जाणार.

गवा पहाटे आणि संध्याकाळी चरायला उघड्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) येतो, ऊन चढलं की झाडीत शिरतो. दहाला पोचणाऱ्यांना शेण आणि खुरांचे ठसे दिसतात. म्हणून साडेचारला निघा, सातच्या आत गेटवर.

ट्रॅव्हलर गेटवरच सोडा. आतली वाट दगडगोट्यांची, ठेंगण्या गाडीचा तळ घासतो. तुम्हाला दोन जीप लागतील, त्या आदल्या दिवशीच सांगून ठेवा. अभयारण्य त्या दिवशी उघडं आहे का, तेही वन विभागाला तेव्हाच विचारा. गाईड इथे घ्याच. एकटा नर दिसला तर हॉर्न नाही, खाली उतरणं नाही. आत तीन तास धरा. पहाटे वाटेत हॉटेलं बंद असतात, चपाती-चटणी बरोबर ठेवा. राधानगरीतलं जेवणही आधी सांगितलेलं बरं, चौदा ताटं ऐनवेळी होत नाहीत.

महाद्वार_रोड: जीपमध्ये कंबर हादरते, तिघा ज्येष्ठांना त्यात बसवू नका. त्यांना सकाळी कणेरी मठाचं सिद्धगिरी म्युझियम दाखवा: बलुतेदार, बैलं, शेतीची कामं, सगळं सिमेंटच्या पुतळ्यांत. चालणं बरंच आहे, सावकाश न्या. दुपारी तीनला सगळे न्यू पॅलेसवर भेटा. आत फोटो काढू देत नाहीत, हे पोरांना आधीच सांगा.

मग टाउन हॉल. बाग म्हणून हीच पुरे, जुनी मोठी झाडं आहेत. म्युझियममध्ये इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती चुकवू नका. रोमन व्यापाराचा एवढा ठसठशीत पुरावा आपल्या गावात आहे आणि निम्म्या गावाला पत्ता नाही!

शाहूपुरी_कट्टा: दोन तुकड्यांचं पटलं. 31 ला रविवार नाही, मग संध्याकाळी दर्शन पटकन होईल ना?

महाद्वार_रोड: 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी किरणोत्सव! मावळतीची किरणं पश्चिम दरवाजातून गाभाऱ्यात येतात, ती पाहायला गर्दी उसळते. ढग, धुरकं किंवा वाटेतलं बांधकाम आडवं आलं की किरणं मूर्तीपर्यंत पोचतही नाहीत. किरणोत्सवच बघायचा असेल तर टाउन हॉल गाळून सूर्यास्ताच्या बरंच आधी मंदिरात जा. नुसतं दर्शन हवं असेल तर आदल्या रात्री उरका. ज्येष्ठांना मुखदर्शनाच्या रांगेत लावा.

सडा_आणि_गवा: आणि सोमवार टाळा, टाउन हॉल म्युझियम बंद असतं.