मोंती सरकार लोकशाहीला धरून होते का?

प्रश्न : नोव्हेंबर २०११ मध्ये पंतप्रधान बर्लुस्कोनी पायउतार झाले आणि कधीही निवडणूक न लढवलेले अर्थतज्ज्ञ मारिओ मोंती इटलीचे पंतप्रधान झाले. हे लोकशाहीला धरून होते का?

पहिला प्रतिसाद : घटनेच्या दृष्टीने त्यात काहीच गैर नव्हते, कारण तेथे पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात आणि सरकारला संसदेच्या दोन्ही सभागृहांचा विश्वास मिळवावा लागतो, जो मोंतींना मोठ्या बहुमताने मिळाला. दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा परतावा, म्हणजे सरकारला कर्जावर द्यावे लागणारे व्याज, ७ टक्क्यांवर गेला होता आणि सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १२० टक्के होते, तेव्हा निवडणुकीपर्यंत थांबणे धोक्याचे ठरले असते.

दुसरा प्रतिसाद : घटनेचा मुद्दा मान्य आहे, पण किंमत कोणी मोजली हेही पाहावे. डिसेंबर २०११ च्या निवृत्तिवेतन सुधारणेने निवृत्तीचे वय एकदम पुढे ढकलले आणि जुन्या नियमांवर विसंबून नोकरी सोडलेले हजारो लोक पगाराविना आणि निवृत्तिवेतनाविनाही अडकले. इटलीत त्यांना ‘एसोदाती’ म्हणतात. हा अन्याय मला अक्षम्य वाटतो, विशेषतः तो घाईत झाला म्हणून.

तिसरा प्रतिसाद : त्या रोषाचे उत्तर फेब्रुवारी २०१३ मध्ये मतपेटीतून आले. विनोदी कलावंत बेप्पे ग्रिल्लो यांच्या पंचतारा चळवळीला कनिष्ठ सभागृहासाठी सुमारे २५ टक्के मते मिळाली, तर मोंतींच्या आघाडीला जेमतेम १० टक्के.