प्रतिसाद: वळणावर रेघ का खरवडते

धातूच्या पत्र्यावर कोरणीने (टोकदार, कापणाऱ्या हत्याराने) नक्षी कोरायला शिकताना वळणावर रेघ खरवडते, असा इथला प्रश्न आहे. सुरुवात तांब्यावरच करावी कारण ते मऊ असतं, असं वर एका उत्तरात लिहिलंय. मऊ आहे हे खरं, पण शुद्ध तांबं चिकट, कोरणीला धरून बसतं आणि रेघेच्या कडेला बर (धातूची खरखरीत कड) उभी राहते. पितळ जरा कडक लागतं पण चिप (कापलेला धातूचा कीस) सुटून येते, त्यामुळे नवीन माणसाच्या हातात मी तरी पितळी पत्राच देईन. आणि पुण्याच्या तांबट आळीत जाऊन शिका हा सल्ला... तिथलं काम बघावंच, फार सुंदर आहे, पण मठारकामात धातू ठोकून दबतो, कापून निघत नाही, कोरीवकामाचा हात वेगळा.

पण हीलबद्दल, म्हणजे कोरणीच्या टोकाखालच्या टाचेबद्दल, अजून कुणीच बोललं नाहीये. कोरणीचं व्ही आकाराचं टोक १२० अंशाचं घासा वगैरे वर सांगितलेलं सगळं बरोबर, पण टोकाच्या पोटाखाली जे दोन छोटे पैलू साधारण १५ ते २० अंशात घासतात ना, रेघेची चमक तिथून येते, कारण कापलेल्या खाचेवरून तेच घासत जातात, म्हणून ते आरशासारखे पॉलिश हवेत आणि आखूडच ठेवायचे, लांब राहिले की वळणावर मागची बाजू बाहेरच्या कडेला घासते आणि रेघ खरवडल्यासारखी दिसते, मग लोक म्हणतात हात बसला नाही. वळण घेताना कोरणी जागेवर ठेवून खालचा पत्रा फिरवायचा, हेही आलंच. पुण्यातच बोहरी आळीत एचएसएसचे (हाय स्पीड स्टील, कडक पोलादाचे) चौकोनी टूल बिट मिळतात, त्याचीच कोरणी घासून बघा, कोरण्यांचा तयार सेट घ्यायची घाई नको.