मदत हवी आहे: पुण्यातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या पाहुण्यांना बुधवारी दुपारी कुठे न्यावं?

टेकडीपलीकडे:

नमस्कार मंडळी,

पाषाणच्या आमच्या संस्थेत १२ ते १६ जानेवारी, सोमवार ते शुक्रवार, भौतिकशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद आहे. बाहेरदेशचे साठेक लोक येतील, शिवाय काहींचे नवरे-बायका. बुधवारी जेवणानंतर व्याख्यानं नाहीत, ती दुपार सहलीची. गुरुवारी रात्री मेजवानी. समितीत पुण्यात वाढलेली मी एकटीच, त्यामुळे 'पाहुण्यांना काहीतरी छान दाखवा' हे काम आपसूक माझ्याकडे आलं.

ज्येष्ठांनी दिलेली यादी: शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, केळकर संग्रहालय, सिंहगड, आणि वेळ उरल्यास लक्ष्मी रोडवर साडीखरेदी. दुपारी दीड ते संध्याकाळी साडेसात, दोन मोठ्या बसमधून. यादी करणाऱ्यांनी संध्याकाळी सहाला नळ स्टॉप चौकातली वाहतूक पाहिली नसावी. माझं मत आहे की एकच जागा घ्यावी आणि ती नीट बघावी. पण 'एकच' म्हटलं की 'इतक्या लांबून आलेत बिचारे' सुरू होतं.

म्हणून विचारते:

१. सहा तासांत पाषाणहून निघून परत यायचं तर कुठे न्याल?
२. साठ जणांना गाइड किती लागतात, आणि इंग्रजी चांगलं असलेले कुठून मिळतात?
३. काहींना परिषदेनंतर अजिंठा-वेरूळ करायचं आहे. शनिवार-रविवार पुरेल का? जपानहून येणारा एक छोटा गट वीकेंडला मुंबईत आहे, ते सोमवार-मंगळवार म्हणतायत.
४. जेवणाचं काय काय आधी विचारून ठेवावं?

पाहुणे जपान, जर्मनी, ब्राझील, नायजेरिया, श्रीलंका, बांगलादेश इथून आहेत. वयं पंचविशीपासून पंचाहत्तरीपर्यंत. एक प्राध्यापक व्हीलचेअरवर असतात.

---

मंडईकर:

ताई, यादीतला सिंहगड आत्ताच खोडा. घाटरस्ता अरुंद, वर पार्किंगची मारामारी, आणि मोठी बस वर नेण्याचा विचारच नको. पिठलं-भाकरी कितीही मोहात पाडत असली तरी अर्ध्या दिवसाचं हे काम नाही. आगाखान पॅलेस सुंदर आहे, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाध्या तिथे आहेत, पण तो शहराच्या दुसऱ्या टोकाला. नवरे-बायकांसाठी मंगळवारी सकाळी वेगळा कार्यक्रम असेल तर तिथे ठेवा. ज्यांना व्याख्यानं नाहीत त्यांना हॉटेलात कोंडून ठेवण्यापेक्षा ते बरं.

शनिवारवाड्याबद्दल माझं मत कडवट आहे. १८२८ च्या आगीत आतला वाडा गेला. उरलं आहे ते दिल्ली दरवाजा, तटबंदी, जोती आणि कारंज्याचे हौद. ज्याला पेशवाई माहीत आहे त्याला ती जोती बोलतात, ब्राझीलहून आलेल्या माणसाला ती बाग वाटते. दरवाज्यावरचे हत्तींसाठीचे अणकुचीदार खिळे दाखवा, दहा मिनिटं थांबा आणि कसबा पेठेत घुसा.

तिथे तांबट आळी आहे. तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम, म्हणजे हातोडीचे ठोके देऊन नक्षी, करणारे कारागीर अजून आहेत. ठोक्यांचा आवाज लांबूनच येतो, गाइडला काही सांगावंही लागत नाही. पुढे तुळशीबाग, मंडई आणि शेवटी विश्रामबागवाड्याचा लाकडी सज्जा. सगळं पायी. पेठेत बस आणूच नका. कसबा पेठ आणि मंडई ही दोन्ही मेट्रो स्टेशनं सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहेत. पाहुण्यांना वनाझच्या मार्गावर डेक्कनला चढवा, सिव्हिल कोर्टला बदलून कसबा पेठेला उतरवा. परतीला मंडईहून बसा. आमच्या पुण्यात भुयारी मेट्रो आहे हे दाखवायची हौसही भागेल.

---

लेणीवेडी:

मंडईकरांची पेठ-फेरी चांगलीच आहे, पण माझं मत लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यांना. पाषाणहून जुन्या हायवेने किंवा एक्सप्रेसवेने दीड तास धरा.

परिषदेच्या लोकांना कार्ले का? तिथला चैत्य, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह, भारतातल्या कोरीव चैत्यांत सगळ्यात मोठा, सुमारे ३८ मीटर लांब, आणि छताच्या लाकडी फासळ्या जवळपास दोन हजार वर्षांच्या. पण मी पाहुण्यांना खांब दाखवीन. त्यांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावं कोरली आहेत, आणि त्यांतले कित्येक स्वतःला धेनुकाकट गावचे यवन म्हणवतात. म्हणजे बाहेरून येऊन इथे व्यापार करणाऱ्या लोकांनी या खांबांचे पैसे दिले. दाराशी वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख आहे. हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे, असं त्यानं बिनधास्त लिहून ठेवलंय. शोधनिबंधाच्या प्रस्तावनेत प्रत्येक जण हेच लिहितो, त्यामुळे तुमची मंडळी खूश होतील.

अडचणीही सांगते. पायऱ्या तीन-साडेतीनशे आहेत. गाडी मधल्या टप्प्यापर्यंत जाते, तिथून तरी चढावंच लागतं. लेण्याच्या तोंडाशीच एकवीरा आईचं देऊळ आहे, कोळी-आगरी समाजाची कुलस्वामिनी. रविवारी तिथे उभं राहायला जागा नसते, बुधवारी दुपारी बरं असतं. कुणी विचारलं तर नवस-मानाचं सरळ सांगा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. उरलेला वेळ जवळच्याच भाजे लेण्यांना द्यायचा मोह होईल, तो सहा तासांत टाळा. मात्र वीस-एक जणांचा वेगळा छोटा गट असेल तर त्यांना फक्त भाजे द्या. तिथे गर्दी कमी, आणि लेण्याचं तोंड पश्चिमेकडे असल्यानं दुपारनंतरचं ऊन थेट आत येतं.

---

रेडिओवाला:

भौतिकशास्त्राची परिषद आणि खोडदचं नाव अजून कुणी घेतलं नाही? नारायणगावजवळ जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, त्यांतल्या चौदा मधल्या एक चौरस किलोमीटरच्या भागात आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी हे उभं केलं. भरीव पत्र्याऐवजी पोलादी दोऱ्यांवर ताणलेली तारांची जाळी ही त्यातली खरी करामत. हवा जाळीतून निघून जाते, म्हणून एवढी मोठी तबकडी कमी वजनात आणि कमी पैशात उभी राहिली. तुमच्या पाहुण्यांतले अर्धे तरी यावर तासभर प्रश्न विचारतील.

परवानगी आधी काढावी लागते, आणि आत मोबाइल बंद. दुर्बीण रेडिओ लहरी ऐकते, साठ फोन म्हणजे तिच्या कानाशी कल्ला. पुण्याहून ऐंशी किलोमीटर आहे, त्यामुळे बुधवारी बसणार नाही. शनिवारी पूर्ण दिवस ठेवता आला तर दुपारी परिसरातच हुरडा. जानेवारी म्हणजे ऐन हंगाम. कोवळी ज्वारीची कणसं गोवरीच्या आरात भाजायची, हातावर चोळायची, चटणी-गूळ-दह्याबरोबर खायची. खाटेवर बसून दोन तास गप्पा. मेजवानीच्या हॉलमध्ये जे लोक एकमेकांशी बोलत नाहीत ते इथे बोलतात.

---

कूटप्रश्न:

प्रश्न ४ बद्दल. मी परदेशी पाहुण्यांच्या जेवणाची व्यवस्था बघते, म्हणून कळकळीनं सांगते: शाकाहारी, मांसाहारी, हलाल, ग्लुटेन हे सगळे विचारतातच. आपल्याकडे खरा धोका शेंगदाण्याचा. दाण्याचं कूट भरल्या वांग्यात, काकडीच्या कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या खिचडीत, चटणीत, अगदी पातळ भाजीच्या रश्शातही असतं आणि आचाऱ्याला ते 'घातलं' असं वाटतच नाही. 'यात शेंगदाणे आहेत का?' विचारलं तर 'नाही' म्हणतो, 'कूट आहे का?' विचारलं तर 'थोडंसं' म्हणतो. तेल कोणतं हेही विचारा, शेंगदाण्याचं असू शकतं.

आणि ताई, तुमच्या बुधवारी १४ जानेवारी आहे. म्हणजे संक्रांत! कुणाला तरी हौसेनं तिळगूळ वाटायचं सुचणारच. वाटा, जरूर वाटा, पण तिळाचीही ॲलर्जी असते, आणि बऱ्याच लाडवांत दाणेही असतात. नोंदणीच्या फॉर्मात दोन्हीची नावं घालून स्पष्ट विचारा. ज्यांना आहे त्यांच्या बिल्ल्यामागे खूण करा, म्हणजे वाढणाऱ्याला दरवेळी सांगावं लागत नाही.

---

वाघूरकाठ:

प्रश्न २ आणि ३ चं मी सांगतो, मी संभाजीनगरचा.

शनिवार-रविवार पुरतो, पण शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत पुणं सोडा. नगरमार्गे साधारण २३५ किलोमीटर, पोहोचायला रात्र होते. शनिवारी अजिंठा, अख्खा दिवस. शहरापासून शंभर किलोमीटर आहे आणि आपली गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटलाच थांबते, पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसनं जायचं. रविवारी वेरूळ, तीस किलोमीटर. ज्यांची विमानं रविवारी रात्रीची आहेत त्यांना संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरूनच पाठवा, परत पुण्याला आणू नका.

जपानी गटाला आजच कळवा: सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. त्यामुळे सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा हाच क्रम चालतो, उलटा केला तर दोन्ही दिवस कुलूप. परदेशी कंपन्यांच्या छापील कार्यक्रमांतही हा घोळ मी पाहिलाय.

तिकीट: दोन्हीकडे परदेशी नागरिकाला ६०० रुपये, आपल्याला ४०. ऑनलाइन काढलं तर थोडं स्वस्त. पण सार्क आणि बिमस्टेक या शेजारी देशांच्या गटांतल्या लोकांना आपलाच दर लागतो, म्हणजे तुमचे श्रीलंका आणि बांगलादेशचे पाहुणे ४० मध्ये जातील. पासपोर्ट मूळ हवा, फोनमधला फोटो दाखवून वाद घालत बसू नका. दरवाजावर हा फरक बघून पाहुणे एकमेकांकडे बघतात, म्हणून तिकिटाचे पैसे सहलीच्या शुल्कातच धरा.

गाइड पर्यटन मंत्रालयाचं ओळखपत्र असलेलाच घ्या. इथे जपानी आणि जर्मन बोलणारेही आहेत, पण मोजके, जानेवारी म्हणजे त्यांचाही हंगाम. आत्ताच बोला. एका गाइडमागे पंधरा, फार तर वीस माणसं. अजिंठ्याच्या लेण्यात एका वेळी मर्यादितच लोक सोडतात आणि फ्लॅश चालत नाही, तिथे तीस जणांमागून ओरडणारा गाइड कुणालाच नको असतो. वेरूळला चौतीस लेणी आहेत, चौतीस बघायचा हट्ट धरू नका. कैलास दुपारनंतर बघा, ऊन समोरून येतं. त्याआधी बौद्धांतलं दहावं आणि जैनांतलं बत्तिसावं. एवढ्यावर माणूस तृप्त होतो.

---

टेकडीपलीकडे:

सगळ्यांचे मनापासून आभार. एका रात्रीत समितीच्या तीन बैठकांपेक्षा जास्त काम झालं.

बुधवारचे आता दोन पर्याय करतेय: कार्ले किंवा पेठा. नोंदणीतच निवड करायची, नंतर बदल नाही. शनिवारी खोडद आणि हुरडा, किंवा अजिंठा. जपानी गटाला क्रम कळवला. त्यांचा प्रमुख उत्तरात फक्त 'वाचवलंत' म्हणाला.

अजून दोन गोष्टी अडल्यात. व्हीलचेअरवरच्या प्राध्यापकांना बुधवारी काय? आणि गुरुवारच्या मेजवानीत ज्येष्ठांना ढोल-ताशा आणि लावणी दोन्ही हवंय, बंद हॉलमध्ये.

---

मंडईकर:

बंद हॉलमध्ये ढोल म्हणजे पाहुण्यांच्या हाती सूप आणि कानात बोटं. शिवाय त्या रात्री लोक बोलायला येतात, पुढच्या संशोधनाचे अर्धे बेत अशा टेबलांवरच ठरतात. हवंच असेल तर पाहुणे उतरतील तेव्हा बाहेर अंगणात दहा मिनिटं ढोल. लावणी करायची तर एकच, बैठकीची, आणि आधी कुणीतरी दोन मिनिटं अर्थ सांगा. अर्थ न सांगता पाच नाच दाखवण्यात काय हशील?

प्राध्यापकांना पेठेच्या गटात घ्या. मेट्रो स्टेशनांना लिफ्ट आहेत. मात्र कसब्यातल्या फुटपाथांवर विसंबू नका, त्या तुकड्यासाठी एक छोटी गाडी सोबत ठेवा. तांबट आळीत गाडी दारापर्यंत जाते का, हे एकदा कामाच्या दिवशी दुपारी स्वतः जाऊन बघा.

---

लेणीवेडी:

आणि त्यांना आधी विचारा हो, त्यांना काय जमतं आणि काय आवडेल. आपण परस्पर ठरवतो आणि मग चार जण मिळून खुर्ची उचलायला धावतो. कित्येकांना ते अजिबात आवडत नाही.

---

रेडिओवाला:

एक राहिलं. पाहुण्यांना पाठवायच्या माहितीपत्रात ठळक अक्षरांत लिहा: सॅटेलाइट फोन आणि ट्रेकिंगला वापरतात ती उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं परवानगीशिवाय भारतात आणता येत नाहीत. युरोप-अमेरिकेतले डोंगरवेडे लोक ती पाठपिशवीत टाकून विसरतात आणि विमानतळावर सापडली की पोलीस स्टेशनची वारी होते. ड्रोनचंही तसंच, घरी ठेवून या म्हणावं.

---

टेकडीपलीकडे:

लिहिते आजच. आमच्या ब्राझीलच्या वक्त्यांनी कालच ईमेलमध्ये विचारलंय, 'ड्रोन आणू का?'