बार्सिलोनाची एल बोर्न मंडई : ग्रंथालयाऐवजी अवशेष जपले, हे योग्य झाले का?

प्रश्न (वाचनप्रेमी)
बार्सिलोनातील एल बोर्न मंडईच्या इमारतीत ग्रंथालय उभारायचे ठरले होते. परंतु खोदकामात जुन्या वस्तीचे अवशेष विस्तृत प्रमाणावर उघडे पडल्यावर तो बेत सोडून देण्यात आला आणि २०१३ मध्ये तेथे सांस्कृतिक केंद्र सुरू झाले. रोजच्या उपयोगाचे ग्रंथालय सोडून पडक्या घरांची जोती जपणे कितपत योग्य होते?

उत्तर (इतिहास-अभ्यासक)
ही जोती साधी नाहीत. १७१४ मध्ये स्पेनचा राजा पाचवा फिलिप याच्या सैन्याने शहर जिंकल्यावर, सिउतादेल्या हा किल्ला बांधण्यासाठी आणि त्याच्यासमोर मोकळे मैदान ठेवण्यासाठी रिबेरा वस्तीचा मोठा भाग जमीनदोस्त करण्यात आला. त्या मैदानावर दीडशे वर्षे बांधकाम झाले नाही आणि पुढे किल्ला पाडल्यावर जोसेप फोंत्सेरे यांच्या आराखड्यानुसार १८७६ मध्ये मंडई उभी राहिली, म्हणूनच गल्ल्या, घरांच्या भिंती आणि वस्तीतून वाहणाऱ्या रेक कोम्ताल या कालव्याचा मार्ग जमिनीखाली टिकून राहिला. आज सज्जातून खाली पाहिले की एका अख्ख्या मोहल्ल्याचा नकाशाच समोर उलगडतो, आणि वर लोखंडी खांबांवर पेललेले मंडईचे उंच छप्पर असते.

उत्तर (मंडईकर)
वरील माहिती मान्य आहे. मात्र ही इमारत वाचली ती अवशेषांमुळे नव्हे, हे विसरू नये. १९७१ मध्ये फळे-भाज्यांचा घाऊक बाजार शहराबाहेर हलवला गेला, तेव्हा ती पाडली जाऊ नये म्हणून परिसरातील रहिवासी उभे राहिले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये ले आल या प्रसिद्ध मंडईचे लोखंडी मंडप पाडायला सुरुवात झाली होती, आणि त्यांपैकी एक पॅरिसजवळच्या नोजाँ-सुर-मार्न येथे पुन्हा उभारला गेल्यामुळे तेवढा कार्यक्रमांसाठी वापरात राहिला. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे की, १७१४ च्या पराभवाइतकेच तेथील अडत्यांच्या आणि हमालांच्या कष्टांनाही या केंद्रात स्थान मिळाले पाहिजे.

उत्तर (इतिहास-अभ्यासक)
मंडईकर, आपला आग्रह रास्त आहे. मूळ प्रश्नाबाबत एवढेच म्हणेन की, ग्रंथालयासाठी दुसरी जागा शोधता येते, पण ही वस्ती दुसरीकडे नेता आली नसती.