मान्यता नसलेल्या राज्याचा प्रतिनिधी परिषदेला येतोय: नामफलक, ध्वज, संबोधन कसं ठेवायचं?

टिपणवही: बहुपक्षीय परिषदेच्या निमंत्रितांत एक प्रतिनिधी अशा प्रदेशाचा आहे, ज्याला यजमान देशाने राज्य (म्हणजे स्वतंत्र देश) म्हणून मान्यता दिलेली नाही. फलकावर काय लिहायचं? ध्वज ठेवायचा का? आणि "मंत्रिमहोदय" म्हटलं की मान्यता दिल्यासारखं होतं का?

नामफलक: शेवटचं आधी. नाही होत. मान्यतेमागे तसा हेतू लागतो. हस्तांदोलन, जेवण, चर्चा यांतून ती आपोआप मिळत नाही. राजदूताची अधिकारपत्रं स्वीकारली किंवा दोन राज्यांमधला म्हणून करार केला, तर मात्र तसा अर्थ निघू शकतो. तेव्हा पाहुण्याच्या आदरातिथ्यात हात आखडता घेऊ नका, जपायचं ते कागदावर. तरी मंत्रिपदाचं संबोधन यजमानांना अडचणीचं वाटत असेल, तर "डॉ.", "श्री.", "श्रीमती" आणि आडनाव.

ध्वजाचं सूत्र एकच: एकाचा काढायचा तर सगळ्यांचे काढा. व्हिएतनामच्या पॅरिस वाटाघाटी टेबलाच्या आकारावरून कित्येक आठवडे अडल्या होत्या. जानेवारी १९६९ मध्ये तोडगा निघाला तो असा: मधे गोल टेबल, समोरासमोरच्या बाजूंना ४५ सेंटिमीटर अंतरावर दोन छोटी आयताकृती टेबलं, ध्वज नाहीत, नामफलक नाहीत. चार पक्ष (अमेरिका, दक्षिण व्हिएतनाम, उत्तर व्हिएतनाम, व्हिएतकाँग) आहेत की दोन बाजू, हे ज्याने त्याने आपापल्या सोयीने मोजावं! सायप्रस या दुभंगलेल्या बेटाच्या वाटाघाटींतही संयुक्त राष्ट्रं दोन्ही समाजांच्या प्रमुखांना "ग्रीक सायप्रियट नेते" आणि "तुर्की सायप्रियट नेते" म्हणतात. मान्यताप्राप्त सायप्रस प्रजासत्ताकाचे राष्ट्राध्यक्षही तिथे समाजाचे नेते म्हणूनच बसतात.

तिसरी_खुर्ची: फलकावरचं नाव स्वतः बनवू नका, आधी कुठेतरी मान्य झालेलं उचला. तैवान ऑलिंपिकमध्ये "चायनीज तैपेई" असतं, तर २००२ पासून जागतिक व्यापार संघटनेत "तैवान, पेंगू, किनमेन व मात्सू यांचं स्वतंत्र सीमाशुल्क क्षेत्र". सर्बियापासून वेगळं झालेल्या कोसोवोसाठी फेब्रुवारी २०१२ मध्ये तारांकित नाव ("कोसोवो*") ठरलं. तळटीप सांगते की या नावाने दर्जाबाबतच्या भूमिकांना बाधा येत नाही. तारा फलकावर की फक्त कागदपत्रांत, हे दोन्ही बाजूंकडून आधीच लेखी घ्या. ऐन सभागृहात हा वाद निघाला की एक शिष्टमंडळ उठून जातं.

पत्रव्यवहारात शासकीय टिपण (एका सरकारने दुसऱ्याला पाठवायचं औपचारिक पत्र) नको. व्यक्तीच्या नावे साधं पत्र, आणि त्यात "यावरून मान्यतेचा अर्थ काढू नये" हे एक वाक्य.

टिपणवही: आणि राज्य मान्य, पण सरकार अमान्य असेल तर?

नामफलक: मग प्रश्न फलकाचा नसतो, फलकामागे कोण बसणार याचा असतो. अफगाणिस्तान हे राज्य सगळ्यांना मान्य. २०२१ नंतरचं तालिबान सरकार मात्र बहुतेकांना नाही, आणि संयुक्त राष्ट्रांनीही ती जागा त्यांना दिलेली नाही. त्यामुळे "अफगाणिस्तान" लिहायला हरकत नाही, पण निमंत्रण कुणाच्या हाती जातं ते पाहा. तालिबान आणि आधीचं सरकार, दोन्ही गटांचे लोक एकाच खुर्चीसाठी दारात उभे राहू शकतात. नोंदणी बंद होण्याआधी प्रतिनिधीचं नाव यजमानांच्या परराष्ट्र खात्याकडून पक्कं करून घ्या. छपाईला टाकण्यापूर्वी संकेतस्थळावरची देशांची यादी, गळ्यातली ओळखपत्रं आणि सहभागींची पुस्तिकाही तपासा; फलक बरोबर आणि पुस्तिकेत भलतंच नाव, ही चूक नेहमीची आहे.