आभासी डमी म्हणावं का?

शब्दखुळा:
दिवाळी अंकासाठी गाड्यांच्या क्रॅश टेस्टवरचा एक लेख तपासतोय, त्यात ह्यूमन बॉडी मॉडेलला, म्हणजे माणसाच्या शरीराच्या कॉम्प्युटरवरच्या मॉडेलला, सगळीकडे 'आभासी डमी' लिहिलंय आणि ते खटकतंय. आधीच आपल्याकडे डमी म्हटलं की दुसऱ्याच्या नावावर परीक्षेला बसणारा नाहीतर निवडणुकीतला डमी उमेदवार आठवतो. पुतळा करू का?

मेशवाला:
पुतळा नको हो, तो चौकात उभारतात नाहीतर मोर्चात जाळतात. पुण्यात आम्ही सीएईवाले, म्हणजे कॉम्प्युटरवर गाड्यांच्या चाचण्या करणारे, डमीच म्हणतो, राहू द्या. पण खटकलं ते बरोबर, कारण आभासी डमी ही वेगळीच चीज आहे. जनरल मोटर्सने 1976 मध्ये आणलेला हायब्रिड थ्री, चाचणीत गाडीत बसवायचा धातू-रबराचा डमी, त्याचंपण कॉम्प्युटर मॉडेल असतं, ते झालं आभासी डमी, म्हणजे नक्कल डमीची, माणसाची नाही. ह्यूमन बॉडी मॉडेल थेट देहाचं. टोयोटाचं थम्स घ्या, पहिली आवृत्ती 2000 ची, 2010 च्या चौथ्या आवृत्तीत यकृत, प्लीहा वगैरे तपशिलात आले. डमीला प्लीहाच नाही तर फाटणार काय! तो छाती किती मिलीमीटर दबली एवढंच सांगतो, कुठली बरगडी मोडेल ते बघायला मॉडेलच लागतं. पुढे 2015 च्या आवृत्तीत स्नायू घातले, कारण धडक होणार दिसलं की माणूस पाय रोवतो, अंग ताठ करतो, डमी बिचारा बसून राहतो.

शब्दखुळा:
मग 'देहप्रतिरूप'?

जुनी_मास्तरीण:
चालेल, एकदा वापरा आणि पुढे खुशाल मॉडेल लिहा, वाचकाला मॉडेल कळतं. त्यापेक्षा लेखात 'जखम' शब्द कुठे कुठे आलाय ते बघा. जखम म्हटलं की कातडी फाटलेली, रक्त आलेलं डोळ्यासमोर येतं, आणि इथे तर मेंदू आतल्या आत हलतो. दुखापत किंवा इजा म्हणा, आणि वरून काहीच दिसत नसेल तर आपला 'मुका मार' आहेच की.

मेशवाला:
मुका मार एक नंबर! दुखापतीत मात्र एक गोची आहे, एआयएस नावाची जी 1 ते 6 ची पट्टी वापरतात ती दुखण्याची नाही, जिवाला धोका किती त्याची आहे. एक बरगडी मोडली तर श्वास घेताना जीव जातो पण पट्टीवर आकडा छोटाच.

शब्दखुळा:
लेखात 'प्रेतांवर प्रयोग' असंही आहे.

जुनी_मास्तरीण:
काढा ते. पार्थिवही नको, ते अंत्यदर्शनाला. 'देहदान केलेले देह' लिहा, लांब झालं तरी चालेल.

मेशवाला:
हो, आणि ते वाक्य उडवू नका फक्त. डेट्रॉइटच्या वेन स्टेट युनिव्हर्सिटीत 1939 पासून हे काम चाललंय, मॉडेलची बरगडी खऱ्यासारखी मोडते का हे अशाच चाचण्यांशी ताडून बघतात, नाहीतर कॉम्प्युटरवर रन लावून रंगीत चित्रं काय कुणीपण काढेल.

शब्दखुळा:
शेवटचं, तो डमी की ती डमी?

मेशवाला:
ऑफिसात 'तो'च. नेहमीचा हायब्रिड थ्री सुमारे 175 सेंटीमीटर, 78 किलोचा पुरुष. बाईचा म्हणून जो वापरतात तो जेमतेम दीड मीटर उंच, 49 किलोचा, पुरुषाचाच आटवलेला. सरासरी बाईच्या मापाचा, 162 सेंटीमीटर आणि 62 किलोचा, स्वीडनच्या संशोधक अॅस्ट्रिड लिंडर यांच्या टीमने 2022 मध्ये दाखवला. त्याला बिनधास्त 'ती' लिहा.